क्लीनर साइडचं दार

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीने आईला फुकट दिली आणि आईने मला. तिचं म्हणणं, तिला लिहून ठेवण्यासारखं काही नाही, जे आहे ते बांधावर जाऊन दिसतं. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यासाठी एक सूचना छापली आहे. आजची सूचना उन्हाळी धानाला पाणी किती द्यावं याची. मला धानाशी काही घेणंदेणं नाही. मी सीट कव्हरच्या दुकानाची माणूस आहे.

दुकान बाबांचं. लाखनीत हायवेच्या कडेला, ताराचंदच्या वॉशिंग सेंटरला लागून. बत्तीस वर्षं बाबांनी ट्रकच्या सीटा शिवल्या, मग कंबर बसली. दीड वर्षापासून दुकान मीच बघते. पण नव्या गाड्यांना सीटा कंपनीच्याच येतात आणि जुन्या गाड्यांचे मालक म्हणतात, फाटली आहे तर वरून टॉवेल टाक.

आज जेवताना बाबांनी सांगून टाकलं. साकोलीचा एक मोबाइलवाला दुकान भाड्याने मागतो आहे. "एप्रिल संपेपर्यंत पायतो. चालत नसन त एक मेपासून त्याले देऊन टाकू. एवढी शिकली, कायले रेक्झिन कापून राहिली?"

मी "बरं" म्हटलं. मग दोन भाकरी जास्त खाल्ल्या. राग आला की मला भूक लागते.

१३ फेब्रुवारी

आज एक अजब गिऱ्हाईक आलं. नाकाडोंगरीचा अमर. मधुकररावांच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर आहे, इथल्या मिलांमधून तांदूळ भरून नागपूरला नेतो. क्लीनर ठेवत नाही, एकटाच चालवतो. दुकानासमोर ट्रक लावला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग आत आला आणि म्हणाला, "गाडीत चार नवे स्पीकर लावले. तबला वाजते, पण बोटं ऐकू येत नाई."

"कोणाची बोटं?"

"तबल्यावर पडते ना, ते. घरी ऐकू येते. गाडीत नुसतं धूम-धूम. अन् गाणारी बाई दोन ओळींच्या मधात श्वास घेते, तो त पार गायब."

मी दिवाळीपासून गाडीतला आवाज कसा बंद करायचा याचेच व्हिडिओ बघते आहे. हे त्याला कसं माहीत असणार. मी ट्रकमध्ये चढले आणि इंजिनावरच्या झाकणावर बोट ठोकलं. टण्ण. छतावर ठोकलं, टण्ण. दारावर ठोकलं, तर तीन सेकंद वाजत राहिलं. मी म्हटलं, "अमरभाऊ, तुमचे स्पीकर बरोबर आहेत. पत्रा थरथरतो. स्पीकर वाजायच्या आधी गाडीच वाजते. पत्र्याला आतून जाड शीट चिकटवायची, वरून लोकरीचा नमदा, वरून रेक्झिन. मग फक्त गाणं वाजेल."

"तुमी कराल?"

मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. म्हटलं, "करते ना."

जाताना म्हणाला, "भाऊ नका म्हणू. नुसतं अमर म्हणा." साधा माणूस दिसतो. पण थोडा उद्धट आहे. इथे येणारा प्रत्येक ड्रायव्हर मला ताई म्हणतो, साठ वर्षांचासुद्धा. हा काहीच म्हणत नाही.

१७ फेब्रुवारी

मधुकरराव स्वतः दुकानात आले. नऊ ट्रकांचा मालक आमच्या बाकड्यावर बसला, बाकडं करकरलं.

"पोरी, माया लोक टिकत नाई. नागपूरवाले एसी केबिन दाखवते आणि पळवून नेते. राहिलेले म्हणते, साहेब, घरी गेल्यावरबी कानात इंजिन चालू रायते. हा अमर म्हणते, तू इलाज करतेस."

मी केबिनचा कागदावर नकाशा काढून समजावलं. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि अट सांगितली. आधी फक्त अमरची गाडी करायची. मग दोन महिने ती उन्हात चालेल, शीटा निघून आल्या तर विषय संपला. टिकल्या तर बारा एप्रिलला ते स्वतः बसणार.

"क्लीनर साइडले बसीन, गाडी साठच्या स्पीडनं. तिथून घरी फोन लावीन अन् चंद्रकांताले सांगीन, मी ऑफिसात आहो. तिनं मानलं, त बाकीच्या आठ गाड्या तुया. नाई मानलं, त मले घरी जे ऐकावं लागन ते तुयामुळं."

आठ गाड्या. म्हणजे पावसाळ्यापर्यंत हाताला काम, आणि साकोलीच्या मोबाइलवाल्याला राम राम. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चंद्रकांताबाईले फसवणं सोपं नाई." एवढंच. पण त्यांनी कंबरेचा पट्टा काढून पुन्हा घट्ट बांधला. ते विचारात असले की तसं करतात.

२२ फेब्रुवारी

नागपूरहून शीटा आल्या. एका बाजूला चांदीसारखी चकाकी, दुसऱ्या बाजूला डांबरी चिकट थर. सीटा काढल्या, मॅट काढली, बारा वर्षांचा चिखल काढला. चिखलात एक कंगवा, तीन बिल्ले आणि कोणाचा तरी दात सापडला. अमर म्हणाला, त्याचा नाही, आणि सगळे दात दाखवले.

शीट दाबायचा रोलर पार्सलमध्ये आलाच नाही. मी घरून आईचं लाटणं आणलं. उत्तम काम झालं. इंजिनावर दोन थर, फरशीवर दोन थर, छतावर एक. छतावर ठोकलं तर ठप. मला इतका आनंद झाला की छतावर आणखी एक थर दिला. दिवसभर ठप ठप करत फिरले. दुकानाच्या शटरवरही ठोकून पाहिलं. त्याला अजून टण्ण आहे.

घरी आई लाटणं शोधत होती. आज आम्ही पोहे खाल्ले.

२३ फेब्रुवारी, रविवार

शीटा संपल्या.

ड्रायव्हर साइडचं दार झालं, मागची भिंत झाली, क्लीनर साइडचं दार राहिलं. छताचा दुसरा थर नडला. नवीन शीटा यायला पाच दिवस, आणि गाडी उद्या सकाळी मिलवर लागणार. हात लावून पाहिलं, ते एक दार टण्ण वाजतं आणि सगळ्या केबिनला कामाला लावतं.

मग डोकं चाललं. लहानपणी भंडाऱ्याला बर्फाच्या कारखान्यात पाहिलं होतं, बर्फाच्या लाद्या धानाच्या भुशात पुरून ठेवायचे. जे गरमी अडवतं ते आवाजही अडवेल. आमच्या कोठ्यात आईने उफणून बाजूला टाकलेल्या भुशाची दोन पोती होती, तिच्या चिन्नोर धानाची. गोणपाटाच्या लांब पिशव्या शिवल्या, भुसा भरला, गादीसारखे टाके घातले. त्या दाराची काच तीन वर्षांपासून वरच अडकलेली आहे, खाली येतच नाही. त्यामुळे दार आतून मोकळं मिळालं. पिशव्या अशा बसल्या की जणू दार त्यांच्याचसाठी घडवलं. भुसा सांडू नये म्हणून दाराच्या तळाची चार भोकं शीटच्या तुकड्यांनी बुजवून टाकली.

ठोकलं. ठप. सगळ्यांत छान ठप याच दाराचा आहे.

अमरने विचारलं, "धानाचं आहे, काई होणार त नाई?"

मी म्हटलं, "भुसा कोरडाच राहतो. काही होत नाही."

आजच्या पानाखाली छापलंय: बी उगवण्यास ओल, ऊब व हवा पुरेशी असते. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं सांगायला कंपनी लागते का.

२४ फेब्रुवारी

ऐकू आली. बोटं ऐकू आली.

सकाळी साकोलीच्या रस्त्याला गाडी काढली. मी मधे, इंजिनाच्या झाकणावर बसले. आधी ते झाकण तव्यासारखं वाजायचं, आज त्यावर बसून कुजबुजता आलं असतं. अमरने गाणं लावलं. करंगळी वेगळी, तर्जनी वेगळी. पेटीचा भाता उघडतो तेव्हा चामडं हलकंसं कुरकुरतं, तेही आलं. आणि मग त्या बाईने श्वास घेतला. इतक्या जवळ की मी मागे वळून पाहिलं.

मी हसायला लागले ते थांबेचना. अमरही हसत होता. तो रस्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहत होता. मला आवाजात कुठे खोट जाणवते का, हे चेहऱ्यावरून तपासत असावा. बारीक लक्ष असलेला माणूस आहे. गाडी चालवताना मात्र हे बरं नाही, तसं मी त्याला सांगितलं.

३ मार्च

अमर आला. क्लीनर साइडनं कुठूनतरी खडखड येते म्हणे. शोधलं. हँडलच्या वरचा एक स्क्रू ढिला होता. घट्ट केला. चहा पिऊन गेला.

७ मार्च

पुन्हा खडखड. पुन्हा तोच स्क्रू. मी या खेपेला वॉशर टाकला. चहा.

ताराचंद भिंतीवरून म्हणाला, "रिताताई, याची गाडी मी या हप्त्यात चार डाव धुतली. लगनाच्या गाडीले लोक इतकं धूत नाई." मी म्हटलं, चांगलं आहे, गाडी स्वच्छ ठेवतो. ताराचंद हसत राहिला. त्याला धंद्याची कदर नाही.

१० मार्च

तोच स्क्रू. कंपनीचे आटेच खराब दिसतात. नवीन स्क्रू मागवला आहे.

१५ मार्च

धुळवडीत अमरच्या गाडीवर कोणीतरी गुलाबी रंग उडवला. ताराचंदने एक तास प्रेशरने धुतली, खास करून क्लीनर साइड. रंग कोणी उडवला हे कळलं नाही. अमरचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत गुलाबी होता.

तोवर आम्ही बाकड्यावर बसून गाणी ऐकण्याबद्दल बोललो. त्याच्या गावाला जंगल लागून आहे. लहानपणी खाणीचे ट्रक थांबले की अचानक सगळं ऐकू यायचं, म्हणाला, मोर, पानं, शेजारच्या घरातली फोडणी. तेव्हापासून त्याला शांत जागेचं वेड आहे. मी म्हटलं, मग ड्रायव्हर कशाला झालास? "शांत जागी पगार भेटत नाई," म्हणाला. तासभर मी एकही टाका घातला नाही. हे बाबांना सांगायचं नाही.

१९ मार्च

अमरने कात्री मागितली. ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेला, पाच मिनिटांनी आणून दिली. खडखड या खेपेला नव्हती.

२२ मार्च

पुन्हा कात्री. मिशा कापतो की काय असं वाटलं, पण मिशा तेवढ्याच आहेत.

२५ मार्च

कात्रीच्या पात्याला आज हिरवं लागलं होतं. आता समजलं. ड्रायव्हर लोक गाडीत स्टोव्ह ठेवतात, भाजीवर टाकायला कोथिंबीर कापत असेल. त्याला म्हटलं, "रोज मागायला येतोस, जुनी कात्री पडली आहे, घेऊन जा." तर म्हणाला, "नको. इथूनच नेत जाईन." इतका सरळ माणूस की दुसऱ्याची जुनी वस्तूही घेत नाही.

त्याच्या केबिनमध्ये आजकाल छान वास येतो, पहाटेच्या धानाच्या बांधीसारखा. कोणती अगरबत्ती लावतो ते विचारायचं राहिलं.

१ एप्रिल

अमर आज तीन वेळा काहीतरी बोलायला आला. पहिल्यांदा म्हणाला, "क्लीनर साइडचं दार एकदा खोलून पाहाल का?" मी विचारलं, आवाज येतो? "नाई." मग? "काई नाई." दुसऱ्यांदा म्हणाला, "भुसा ओला झाला त काय होते?" मी म्हटलं, माझ्या कामात ओल जात नाही. तिसऱ्यांदा नुसता उभा राहिला आणि कात्री घेऊन गेला.

मला थोडं वाईट वाटलं. माझ्या कामावर त्याचा भरवसा नाही की काय. बाकीच्यांचा नसला तरी चालतो.

८ एप्रिल

मधुकररावांनी अमरला रायपूरला पाठवलं. चार दिवस तिकडेच. परत येईल तो बाराला पहाटे, आणि थेट साहेबांच्या घरी गाडी लावेल. जायच्या आधी घाईत आला, चेहरा उतरलेला. "परीक्षेच्या दिवशी एक घंटा आधी भेटलो असतो त बरं झालं असतं," म्हणाला. मी म्हटलं, घाबरू नकोस, गाडी पास होणार. मीच त्याला धीर दिला. चार दिवस शीटा उन्हात आहेत, मला त्यांची काळजी आहे, त्याला कशाची हे कळलं नाही.

चार दिवस स्क्रूही घट्ट राहील म्हणा.

१२ एप्रिल, शनिवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे, म्हणजे कधी डोक्यात हवा गेली तर हे पान उघडता येईल.

सकाळी आठला गाडी निघाली. अमर चालवत होता, मी मधे, मधुकरराव क्लीनर साइडला. अमरचे डोळे तांबारलेले. गाडी साठवर गेली आणि मधुकररावांनी फोन लावला, स्पीकरवर.

"चंद्रकांता, ऑफिसात आहो. दुपारी जेवाले येतो."

मी श्वास धरला. बाजूने कंटेनर गेला, तो ढग सरकल्यासारखा गेला.

"बरं," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "येताना दही आणा. अन् त्या बिचाऱ्या पोरीची परीक्षा घेणार होते ना आज? जास्त छळू नका तिले."

"हो हो," म्हणत त्यांनी फोन ठेवला. आठ गाड्या. मला अमरच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. मधुकरराव खूश होऊन मागे रेलले, कोपर दारावर टेकवलं, आणि कोपर उचलून पाहिलं. ओलं होतं.

त्यांनी चष्मा लावला. काचेच्या खालच्या रबरातून, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवीगार ओळ उभी होती. चार-चार बोटं उंच. काचेतून ऊन येत होतं आणि ती ओळ गाडीबरोबर डुलत होती.

केबिनमध्ये इतकी शांतता होती की मला माझ्याच कामाचा राग आला.

"पोरी," मधुकरराव म्हणाले, "माया गाडीत धान कोणं लावलं?"

त्यांनी एक काडी उपटली, खालचा दाणा नखाने सोलला, हुंगला. "चिन्नोर आहे का?"

"हो. आईचं."

"उगवण चांगली आहे," ते म्हणाले, आणि दार हलवून पाहिलं. आत पाणी हिंदकळलं, घागर हलवावी तसं. मग त्यांचा चेहरा बदलला. "आवाज पास आहे. मी खोटं बोलणार नाई. पण दारात पाणी साचून आहे, सहा महिन्यांत दार सडन. आठ गाड्यांचे दारं तुले कसे देऊ, सांग."

ते बसस्टँडजवळ उतरून गेले.

मी अमरला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"वीस-पंचवीस दिवसांपासून."

"म्हणून कात्री?"

"वर आलं का कापून टाकत होतो. तुमाले वाईट नाई वाटलं पायजे, म्हणून. आज रायपूरहून रातभर चालवत आलो, कापाले वेळच नाई भेटला."

"सांगितलं काहून नाही?"

"तीन डाव आलो सांगाले. तुमी म्हटलं, माया कामात ओल जात नाई."

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. म्हटलं, "माझी चूक तू लपवलीस तर मी शिकणार कशी? आणि रोज गाडी धुवायला कोणी सांगितलं होतं?"

तो आरसा पुसायला लागला. कान मात्र लाल झाले होते. त्याला धुण्याची एवढी लाज का वाटावी, कळत नाही.

१४ एप्रिल

जयंती. लाखनीत सगळीकडे निळे झेंडे, गल्लीगल्लीत खीर. मिरवणुकीत अमर समोरच्या बाजूला दिसला. मी तिकडे पाहिलं नाही. चारदा पाहिलं नाही.

१५ एप्रिल

काल रात्री आईला सगळं सांगितलं. ती भाकर थापायची थांबली आणि इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "उफणलेल्या भुशात फोल असते तसे दोन-चार भरलेले दाणेबी रायते. शेतकऱ्याच्या पोरीले हे माहीत नाई?" आणि थोड्या वेळाने, "इतक्या डाव गाडी धुतली त्यानं? ताराचंदच्याच इथं?" मी म्हटलं हो. "भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत धुवाची दुसरी जागाच नाई वाटते," म्हणाली, आणि पुन्हा हसली.

रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, झोप छान लागली. पण उठल्यावर ठरवलं. मधुकररावांना फोन केला: दार मी उघडते, तुमच्या यार्डात, सगळ्यांसमोर. काय बिघडलं ते पाहू आणि तिथेच दुरुस्त करते. पास-नापास नंतर ठरवा.

ते म्हणाले, "ये."

१६ एप्रिल

यार्डात नऊच्या नऊ ड्रायव्हर हजर. बातमी मिलांपर्यंत गेली होती. एकाने विचारलं, "ताई, रोवणीले किती मजूर लागन?" दुसरा म्हणाला, "माया गाडीत गहू लावा, मी पोळीवाला आहो."

मी पॅनेल काढायला घेतलं तेवढ्यात मागून स्कूटर थांबली. शेजाऱ्याच्या मागे बसून बाबा आले होते. पट्टा बांधलेला, चेहरा वेदनेने आंबट. दीड वर्षात ते दुकानापर्यंतही आले नव्हते. मी काही म्हणायच्या आत ते ड्रायव्हरांच्या खाटेवर पालथे झोपले आणि तिथून म्हणाले, "हं. खोल."

तळाच्या शीटचे तुकडे ओढून काढले तसं अर्धी बादली पाणी माझ्या पायांवर आलं. मग पिशव्या. गोणपाटाला आरपार मुळं, पांढरी, गच्च. वर हिरवं, खाली पिवळं. ड्रायव्हर हसायचे थांबले. सगळे शेतकऱ्यांचीच पोरं. एकाने हळूच म्हटलं, "फेकू नका."

"दाराले खाली भोकं कायले असते?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"पाणी जायला."

"काचेचं रबर बारा वर्षांत मरते. पाणी आत येणारच. त्याले अडवाचं नसते, वाट द्याची असते. तू वाटच बुजवली."

मग दोन तास त्यांनी पालथं पडून हुकूम सोडले आणि मी केलं. गंज फार नव्हता. खरवडला, प्राइमर मारला, नवीन शीट लाटली (रोलर आला आहे, पण हाताला लाटण्याची सवय झाली). भोकं मोकळी ठेवली, काचेला नवं रबर लावलं. ओल धरेल असं दारात काहीच ठेवलं नाही. शेवटी ताराचंदकडून पाइप आणवला आणि सगळ्यांसमोर दारावर पाणी सोडलं. आत गेलं तेवढं खालून बाहेर आलं. ठोकलं. ठप.

अमर पाइप धरून उभा होता. स्क्रू द्यायला हात पुढे केला तेव्हा बरोबर तोच, हँडलच्या वरचा, आधीच तळहातावर ठेवलेला. कोणता कुठला हे त्याला पाठ आहे.

घरी येताना बाबा म्हणाले, "बत्तीस वर्षांत मी तीन गाड्यांच्या सीटा उलट्या शिवल्या. कोणाले सांगितलं नाई. रात्री जाऊन बदलून आलो. तू त नऊ लोकांसमोर दार खोललं." ही शाबासकी होती की नाही हे मी अजून ठरवते आहे.

२१ एप्रिल

सकाळी शटर उचललं तर समोर मधुकररावांचा दुसरा ट्रक उभा. चावी ड्रायव्हरच्या हातात, निरोप काहीच नाही. मी लगेच फोन केला.

"आठही कर," ते म्हणाले. "अन् एक ऐक. त्या दिवशी चंद्रकांता फसली नव्हती."

मी विचारलं, "आवाज आला का गाडीचा?"

"आवाज नाई आला, तिथंच त फसलो. ती म्हणते, ऑफिसात पंखा खडखडते, शेजारी मिल चालते, तुमचं अर्धं बोलणं मले कधी समजत नाई. त्या दिवशी एक-एक शब्द साफ. तवाच ओळखलं का हा माणूस ऑफिसात नाई." थोडं थांबून म्हणाले, "गाड्या झाल्या का ऑफिसाचंबी पाय. अन् तिथं धान नको लावू."

मी फोन ठेवून शटरवर टण्ण टण्ण वाजवलं. ताराचंद धावत आला, त्याला वाटलं काही कोसळलं.

३० एप्रिल

साकोलीचा मोबाइलवाला आला होता. बाबा बाकड्यावर बसलेले. आता ते रोज दोन तास येतात, पट्टा बांधून, आणि माझे टाके मोजतात. त्याला म्हणाले, "जागा रिकामी नाई." एवढंच. त्याने मागे उभे दोन ट्रक पाहिले आणि गेला.

आईने त्या दारातलं चिन्नोर फेकू दिलं नव्हतं. तेलाच्या रिकाम्या डब्यात चिखल करून दुकानासमोर रोवलं. रोज पाणी कोण घालतं ते मला दिसत नाही, पण माती ओली असते आणि ताराचंद शिट्टी वाजवत इकडेतिकडे पाहतो.

दुपारी अमर आला. बावीस दिवसांनी पहिल्यांदा दुकानात. म्हणाला, "नव्या दाराचा आवाज तुमी ऐकलाच नाई अजून." खरंच ऐकला नव्हता. मी चढले आणि या वेळी मधे झाकणावर नाही, क्लीनर साइडला बसले. गाडी तिथेच उभी, इंजिन चालू. त्याने गाणं लावलं. आम्ही ऐकलं. बोटं, भाता, सगळं जिथल्या तिथे.

मग बराच वेळ मी काचेतून तो डबा पाहत होते. बाबा आत कोणाशी तरी रेक्झिनवरून वाद घालत होते. श्वास ऐकू येत होता, अगदी कानाजवळ, आधीपेक्षाही साफ. एक घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मी म्हटलं, "रेकॉर्डिंग फार सुंदर आहे. बघ, श्वास किती स्पष्ट येतो."

अमर म्हणाला, "गाणं केव्हाचं बंद आहे."

मी हँडलकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा हँडलकडे, कारण कुठेतरी पाहायला हवं होतं. दोन महिन्यांत तीन वेळा ढिला झालेला तो स्क्रू, तीस वेळा धुतलेली गाडी, कोपरापर्यंत गुलाबी हात, कात्री, आणि एकदाही तोंडातून न निघालेलं ताई. मी स्वतःला हुशार समजत होते.

खाली उतरताना पाय चुकला. तो हसला नाही, ही त्याची मेहरबानी.

परवा त्याची रायपूरची खेप आहे, चार दिवसांची. उद्या सकाळी गाडी धुवायला येईल. तो ताराचंदशी बोलत असेल तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पलीकडून जाणार आहे आणि हँडलच्या वरचा तो स्क्रू दोन आटे ढिला करणार आहे. तीन नको, पडून हरवेल.